नऊ ग्रॅमची डबी

माझ्या पाणबुड्या बुडतात, म्हणजे नको तेव्हा बुडतात, त्या बहुतेकदा नऊ ग्रॅमच्या एका डबीपायी. निळसर प्लॅस्टिक, वर डोकावणारा दातेरी शाफ्ट, तीन वायरी. मायक्रो सर्वो. आत इवलीशी मोटर, दातेरी चाकांची उतरंड, शाफ्टला जोडलेला पोटेन्शियोमीटर आणि नखाएवढं सर्किट. दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद येतो. तो दीड मिलिसेकंदाचा असला की शाफ्ट मध्यावर, एकाचा असला की एका टोकाला, दोनाचा असला की दुसऱ्या. पोटेन्शियोमीटर शाफ्टचा ठावठिकाणा कळवत राहतो आणि सर्किट ताळा जुळेपर्यंत मोटर फिरवतं. खेळण्यातल्या विमानांसाठी बनलेली ही वस्तू. मी तिला पाण्याखाली नेऊन तिच्याकडून सुकाणू आणि पंख हलवून घेते, हा तिच्यावर अन्यायच आहे.

पाणी आत शिरतं कसं, हा प्रश्न मात्र मला सर्वोच्या कितीतरी आधी भेटला, सुरतच्या पांडेसऱ्यात. आप्पा, म्हणजे माझे वडील, अमळनेरकडचे. खानदेशातल्या हजारो घरांसारखे तेही ताप्ती लाइनने उधन्याला उतरले आणि एका डाइंग मिलमध्ये फिटर म्हणून लागले. पॉलिएस्टर साध्या उकळत्या पाण्यात नीट रंगत नाही, १३० अंशांपर्यंत न्यावं लागतं. त्यामुळे जेट मशीन बंद आणि दाबाखाली. आतलं रंगीत पाणी फिरवणारा पंप, आणि त्या पंपाचा शाफ्ट बाहेरच्या मोटरपर्यंत येतो तिथे ग्लँड. शाफ्टभोवती चौकोनी दोरीचे वेढे, वर दोन बोल्टांनी आवळलेलं झाकण. मी डबा घेऊन गेले की आप्पा बहुतेक वेळा तिथेच उकिडवे बसलेले असायचे. ग्लँडमधून निळं, नाहीतर किरमिजी पाणी ठिबकत असायचं. शाळकरी अकलेने मी एकदा म्हटलं, "आप्पा, हे गळतंय. आवळा ना." ते म्हणाले, "टपकू दे. आवळली तर जळेल."

खरंच जळते. त्या थेंबांवरच दोरी ओली आणि थंड राहते. कोरडी झाली की शाफ्टवर घासून करपते, शाफ्टला खाचा पडतात, आणि मग थेंबाच्या जागी धार लागते. नवा फिटर आला की गळती बंद करून शाबासकी मिळवायला बघतो, असं आप्पा म्हणायचे. जुना फिटर थेंब मोजतो. मला तेव्हा हे पटलं नव्हतं. गळणारी गोष्ट बिघडलेलीच असली पाहिजे, असं माझं ठाम मत होतं, आणि ते पुढे बरीच वर्षं टिकलं.

डिप्लोमा झाला, एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि हातात पहिला सर्वो आला तो तुटक्या रिमोटच्या गाडीतून. पाणबुडीचं वेड कुठून लागलं हे नीट सांगता येणार नाही. जत्रेतली पुकपुक बोट मला कधीच आवडली नव्हती, कारण ती वरच राहायची.

सर्वोला पाण्यापासून वाचवायचे रूढ उपाय म्हणजे भिंती बांधणं. डबीच्या सांध्यांवर सिलिकॉन, सर्किटवर नेलपॉलिशचा हात, वायरी शिरतात तिथे इपॉक्सी, शाफ्टला नायट्राइल रबराची बारीक ओ-रिंग. प्रत्येक भिंतीला स्वतःची खोड आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. ते तांबं खातं, म्हणजे पाणी अडवायच्या आधी आपणच आत आम्ल कोंडतो. बिनवासाचं, न्यूट्रल जातीचं घ्यावं लागतं. ओ-रिंग सैल बसवली तर उपयोग नाही, घट्ट बसवली तर घर्षण. सर्वोची ताकद ती किती? १.८ किलो-सेंटिमीटर, तीही कागदावर. त्यातला मोठा वाटा रबरच खातं, सर्वो नेमक्या जागी पोचत नाही आणि तिथेच थरथरत गुरगुरत बसतो. सगळ्यांत लबाड मार्ग वायरीचा. ती एक वायर नसते, केसांसारख्या तारांची जुडी असते. प्लॅस्टिकच्या आवरणाखाली, तारांमधल्या फटींतून पाणी वातीतल्या तेलासारखं चढतं. दुसरं टोक जरासं ओलं असलं तरी पुरे. काही आठवड्यांनी सर्किटजवळचं तांबं हिरवं.

खोली हे काही मोठं संकट नाही. दहा मीटर खाली गेलं की दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब वाढतो; माझ्या बोटी दोन मीटरच्या खाली जात नाहीत, म्हणजे दोनशे ग्रॅम. खरा घात तापमानाचा. सर्वो चालला की आतली हवा तापते, फुगते, एखादा बुडबुडा ओ-रिंगखालून निसटतो. मग बोट थोडा वेळ थांबते, गार पाणी डबीला लागतं, हवा आकसते, आणि ज्या वाटेने बुडबुडा गेला त्याच वाटेने आत पाणी ओढलं जातं. भिंत जितकी चांगली, तितकं आत आलेलं पाणी बाहेर जायला नाखूश.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीने हा धडा घरी येऊन दिला. आम्ही तेव्हा अडाजणला तळमजल्यावर राहत होतो. उकाई धरणातून ९ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि शहराचा बहुतांश भाग बुडाला. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे. जिन्यातून दिसत होतं की आमचा फ्रिज आडवा होऊन बैठकीत तरंगतोय. आत हवा कोंडलेली, दुसरं काय करणार? पाणी उतरल्यावर चिखल उपसताना माझा सर्वोंचा खण सापडला. मेणाने, इपॉक्सीने, सिलिकॉनने हरतऱ्हेने बंद केलेल्या डब्या. उघडल्या, तर जवळपास प्रत्येकीत तापीचा गाळ. बाईंच्या कारागिरीवर तापीने मारलेला शेरा, असं आमच्याकडे पुढे कित्येक दिवस चाललं होतं.

मग सोसायटीच्या बोअरची मोटर वर काढावी लागली. मेकॅनिक आला, त्याने मोटर अंगणात उभी केली, बूच उघडलं आणि वरून तेल ओतायला लागला. मधे थांबायचा, मोटर हलवायचा, बुडबुडे येऊ द्यायचा, पुन्हा ओतायचा. म्हणाला, मोठ्या मोटरीत तर आम्ही स्वच्छ पाणीच भरतो. विद्युत मोटरीत पाणी! शंभर मीटर खाली दहा किलोचा दाब, तिथे ही गळत कशी नाही, मी विचारलं. तो हातातल्या कॅनकडे बघत म्हणाला, "अंदर जग्या ज नथी, बेन."

मला इतकी वर्षं हे सुचलं नव्हतं, आणि समुद्राशी व्यवहार करणाऱ्यांना ते कधीचंच ठाऊक होतं. १९६० च्या जानेवारीत जाक पिकार आणि डॉन वॉल्श 'ट्रिएस्ट' घेऊन सुमारे अकरा किलोमीटर खाली गेले. माणसं बसली होती त्या गोळ्याची पोलादी भिंत जाडजूड, पण त्याला वर आणणारी तरंगती टाकी पातळ पत्र्याची. तिच्यात पेट्रोल भरलेलं आणि ती खालून समुद्राला उघडी. आतबाहेर दाब सारखाच, मग पत्र्याला चेपायचं कोणी? हवा दाबली जाते, द्रव जवळजवळ दाबला जात नाही, एवढीच सगळी युक्ती. सर्वोचंही तेच. केमिस्टकडून लिक्विड पॅराफिन आणायचं, सर्वोचे चार लांब स्क्रू सैल करायचे, डबी वाटीभर तेलात बुडवायची आणि शाफ्ट हाताने हळूहळू या टोकाचा त्या टोकाला न्यायचा. दातेरी चाकांखालून, मोटरच्या पोटातून बुडबुडे येत राहतात, आता संपले म्हणावं तर आणखी एक. रात्रभर तसंच ठेवून सकाळी तेलातच स्क्रू आवळायचे. बुडवलेली मोटर जरा सुस्त होते आणि बॅटरी थोडी जास्त खाते. पाणबुडीला कुठे घाई असते.

विशाखापट्टणमला गेले तेव्हा किनाऱ्यावर उभी असलेली 'कुरसुरा' पाणबुडी पाहिली. १९६९ साली नौदलात आलेली, २००१ मध्ये निवृत्त झालेली, नंतर संग्रहालय झालेली. तीन पंखे, म्हणजे पोलादी धडाला तीन भोकं, म्हणजे तीन ग्लँड. माहिती द्यायला जुने नौसैनिक असतात. त्यांतल्या एकाला विचारलं, तर हसून म्हणाला की थोडं पाणी यायचंच, ते तळाशी जमायचं आणि पंपाने बाहेर टाकायचं. मी तिथूनच आप्पांना फोन लावला. "मग?" ते म्हणाले, "मी काय वेगळं सांगत होतो?" माझ्या बोटीच्या पंख्याचा शाफ्टही आता ग्रीस भरलेल्या पितळी नळीतून जातो आणि किंचित झिरपतो, मी तो आवळत नाही. सर्वोला मात्र थेंबाची सवलत देता येत नाही, नऊ ग्रॅमच्या डबीत पंप कुठे बसवणार?

खऱ्या पाणबुड्यांचं सुरतशी नातं आहे, पण ते बोललं जात नाही. 'अरिहंत'च्या धडाचे भाग हजिऱ्याला एल अँड टीच्या कारखान्यात घडले. २००९ मध्ये ती विशाखापट्टणमला पाण्यात उतरली तेव्हा आम्हाला वर्तमानपत्रातून कळलं. हजिऱ्याला नोकरी असलेला आमचा एक शेजारी माझ्या टेबलावरचे सर्वो कौतुकाने बघायचा, ओ-रिंगच्या खाचेची मापं दुरुस्त करून द्यायचा, आणि स्वतःच्या कामाबद्दल विचारलं की चहा मागायचा.

बोट चालवायची कुठे, हे वेगळंच दुखणं. खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी चालत नाहीत म्हणून डुमसचा समुद्र बाद. गोड्या पाण्यातही आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी वीतभर खाली मरतात, म्हणून मी अँटेना बारीक वायरने एका थर्माकोलच्या तुकड्यावर तरंगत ठेवते. जागा मिळाली ती नवापूरकडच्या मामेभावाच्या शेततळ्यात. पण त्यात त्याने रोहू सोडलेत. पहिल्याच फेरीनंतर पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसला आणि त्याने बोट बाहेर काढायला लावली. "शेंगतेल घाल ना, मासे तरी खातील," म्हणाला. शेंगतेल हवेने चिकट होतं, पोटेन्शियोमीटरवर डिंक बसेल, हे मी त्याला समजावलं. त्याचं म्हणणं, मग मोटरचं बघ, माशांचं मी बघतो. शेवटी तह झाला. बोट आधी रात्रभर त्याच्या बादलीत राहते. सकाळी तो उन्हाकडे तोंड करून वाकतो, पाण्यावर रंग दिसला नाही तरच तळं.

गेल्या खेपेला रंग दिसला. मागच्या डाव्या पंखाचा सर्वो. सुरतेला परत आणून उघडला, ओ-रिंग काढली आणि कतारगामला हिऱ्याच्या घंटीवर बसणाऱ्या शेजाऱ्याकडून त्याचं भिंग मागून आणलं. दहापट मोठी दिसल्यावर रबराच्या आतल्या कडेला बारीक, तिरकस काप स्पष्ट होता. शाफ्टच्या दात्यांवरून सरकवतानाच ती कापली गेली होती. आता चढवण्याआधी दात्यांवर सेलोटेपचा एक वेढा देते, तेलाचं बोट फिरवते, रिंग बसली की टेप ओढून काढते.