तेला झाला, अठ्ठाई राहिली



गेल्या पर्युषणात मी अठ्ठाई करायचे ठरवले होते. पारण्याला बारामतीहून नणंद येणार होती, साडीही काढून ठेवली होती. पहिला उपवास सहज गेला. दुसऱ्या दिवशी जिना चढताना धाप लागली. तिसऱ्या दिवशी प्रतिक्रमणाला उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "आज पच्चक्खाण घेऊ नकोस. तेला झाला, पुष्कळ झाले." मी खूप रडले. सत्तरीतल्या त्यांना अठ्ठाई जमते, मग माझीच श्रद्धा कमी पडली का?

पारण्यानंतर डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन 8.2. बायकांचे निदान 12 तरी असावे म्हणतात.

माझी लेक तेव्हा दहावीत. विज्ञानाच्या पुस्तकातले ऑक्सिश्वसन तिने मला समजावले. आपल्या पेशींत तंतुकणिका नावाच्या बारीक भट्ट्या असतात. अन्नातली साखर तिथे ऑक्सिजनच्या मदतीने जळते आणि एटीपी तयार होते. पेशी सगळा खर्च याच नाण्यात करते. ऑक्सिजन नसेल तर साखरेच्या एका रेणूतून फक्त 2 एटीपी मिळतात, ऑक्सिजन असेल तर तिच्या पुस्तकाप्रमाणे 38. (आताचे शास्त्रज्ञ 30 ते 32 धरतात.)

मी विचारले, "उपवासात तर साखर पोटात जातच नाही, मग जळते काय?" यकृतातला साठा साधारण दिवसभरात संपत येतो. मग शरीर चरबी काढते. पण चरबीपासून ऊर्जा मिळवायला ऑक्सिजन लागतोच, त्याशिवाय दुसरी वाट नाही. आणि तो पेशीपर्यंत पोचवते हिमोग्लोबिन.

तेव्हा मला आपल्या भवानीनगरचा साखर कारखाना आठवला. उसाचा रस काढून उरलेल्या बगॅसवरच साखर कारखान्याचा बॉयलर चालतो. पण बगॅसचा डोंगर असला तरी पंख्याने हवा आत गेली नाही तर जाळ धरत नाही. माझ्याकडे चरबीचा डोंगर होता हो, हवाच पोचत नव्हती! कमी होते ते लोह. श्रद्धेचा त्यात काही संबंध नव्हता.

आपल्या घरांत हे फार होते. पाळी, बाळंतपणे, सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणे, त्यात चातुर्मासात पालेभाज्या बंद. आता मी मटकी, बाजरीची भाकरी, अळिवाचे लाडू नेमाने खाते, वर लिंबू पिळते. जेवणावर लगेच चहा घेत नाही, कारण त्याने लोह अंगी लागत नाही. डॉक्टरांच्या गोळ्याही चालू आहेत. परवा हिमोग्लोबिन 11.4 आले.

यंदा अठ्ठाई करायची की नाही, ते डॉक्टरांना आणि महासतीजींना विचारून ठरवेन. सासूबाई म्हणतात, "तप यथाशक्ती असते गं. आधी आपली शक्ती किती ते तर बघ."

तुम्हीही पर्युषणाआधी एकदा रक्त तपासून घ्या. साडी नंतर काढा.