बत्तीसच का?

स्कॉलरशिपच्या पेपरात हमखास येणारी संख्यामालिका: १, २, ४, ८, १६, ? माझ्या शिकवणीतली पोरं प्रश्न पुरता वाचायच्या आत ३२ लिहून मोकळी होतात. दुप्पट होतंय, संपलं!

मग मी त्यांना वर्तुळ काढायला लावते. परिघावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांशी जोडा, आतले तुकडे मोजा. तीन रेषा मात्र आत एकाच जागी छेदायला नकोत. एका बिंदूला १ तुकडा, दोनला २, तीनला ४, चारला ८, पाचला १६. सहाला? सगळे एका सुरात, "३२!" मोजतात. ३१. खोडतात, पुन्हा मोजतात. ३१च.

कारण इथे दुप्पट हा नियम कधी नव्हताच. तुकडे म्हणजे १ अधिक रेषा अधिक आतले छेद. पाच बिंदूंना १ + १० + ५, सहांना १ + १५ + १५.

परीक्षेत ३२च लिहा, हेही मी सांगते. गुण त्यालाच आहेत. पण यंदा एकीने विचारलं, "मग पाच आकडे जुळले, तर विश्वास कितीव्यावर ठेवायचा?"

त्या दिवशी सराव-संच तसाच राहिला.