आळ, आरोप, ठपका

इंग्रजी बातमी मराठीत आणताना सगळ्यात जपावं लागतं ते क्रियापदाला. 'अलेज' म्हणजे कुणीतरी तसं म्हणतंय, पुरावा अजून यायचाय. 'अक्यूज' म्हणजे नाव घेऊन म्हटलंय. 'चार्ज' म्हणजे कायद्याची यंत्रणा मध्ये आली. 'कन्व्हिक्ट' म्हणजे न्यायालयानं दोषी ठरवलं. पहिल्या तिन्हींना आपण 'आरोप' म्हणून मोकळे होतो. लंडनच्या बातमीत 'चार्ज्ड' असेल, तर ते काम तिथल्या पोलिसांनी किंवा सरकारी वकिलांच्या यंत्रणेनं केलेलं असतं. आपल्याकडे पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात, आरोपनिश्चिती न्यायालय करतं, आणि मध्ये कित्येकदा वर्षं जातात. रात्री अकराच्या घाईत 'चार्ज्ड'चं 'दोषी' झालं की एका माणसाचा निकाल आपणच लावलेला असतो.

*

'संशयित आरोपी' ही जोडी आपल्या बातम्यांत रुळली आहे. मी ती दिसेल तिथे मोडतो. नुसता संशय असेल तर संशयित, गुन्ह्यात नाव आलं असेल तर आरोपी. दोन्ही एकदम लिहिलं की काळजी घेतल्यासारखं दिसतं आणि वाचणाऱ्याच्या मनात 'आरोपी' तेवढा उरतो.

*

अटक पहिल्या पानावर, तीन कॉलमी, फोटोसह. निर्दोष सुटका आतल्या पानावर चार ओळींत. हे बदललं पाहिजे. ज्या पानावर अटक छापली त्याच पानावर सुटकाही छापावी.

*

'ब्लेम'ला न्यायालय लागत नाही. माणसाला एखाद्या घटनेबद्दल 'ब्लेम' करता येतं, तसंच 'ब्लेम' उचलून कुणावर ठेवताही येतो. ही दुसरी तऱ्हा आपल्या ओळखीची आहे. खापर आधी हातात येतं, डोकं मग शोधलं जातं.

*

१५ एप्रिल १९८९, शेफील्ड, हिल्सबरो मैदान. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा उपांत्य सामना. बाहेर फिरत्या फाटकांपाशी गर्दी चेंगरू लागली, म्हणून दुपारी २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी 'सी' फाटक उघडायला लावलं. समोर बोगदा होता. तो थेट मधल्या, आधीच भरलेल्या कप्प्यांत जात होता. बोगद्याचं तोंड बंद करायचं कुणाला सुचलं नाही. पुढच्या जाळीवर माणसं उभ्या उभ्या गुदमरली. सामना ३ वाजून ६ मिनिटांनी थांबला.

त्यानंतर काही मिनिटांतच बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफिल्ड यांनी फुटबॉल संघटनेच्या अधिकाऱ्याला सांगितलं की फाटक प्रेक्षकांनी जबरदस्तीनं उघडलं. आदेश त्यांचा स्वतःचा होता. मैदानात माणसं मरत असतानाच दोष कुणाचा हे ठरून गेलं होतं. चार दिवसांनी 'द सन'नं 'सत्य' अशा अर्थाच्या मथळ्याखाली छापलं की चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली. लिव्हरपूलमध्ये तो पेपर आजही अनेक जण विकत घेत नाहीत.

लॉर्ड टेलर यांच्या अहवालानं त्याच वर्षी सांगितलं होतं की मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण सुटणं हे आहे. तरीही १९९१मध्ये कॉरोनरपुढच्या ज्यूरीनं 'अपघाती मृत्यू' म्हटलं. २०१२मध्ये स्वतंत्र समितीनं कागद उघडले. त्यात १६४ पोलीस जबान्यांमध्ये फेरफार केलेले सापडले. त्यांपैकी ११६ जबान्यांतून पोलिसांना अडचणीचा मजकूर काढून टाकलेला होता. एवढं बारकाईचं काम मला डकनफिल्ड यांच्या त्या खोट्या वाक्यापेक्षाही भयंकर वाटतं, कारण ते शांतपणे टेबलाशी बसून केलेलं आहे. २०१६मध्ये नव्या ज्यूरीनं मृत्यू बेकायदा ठरवले आणि चाहत्यांचा दोष नव्हता असंही स्पष्ट सांगितलं. डकनफिल्ड २०१९च्या फौजदारी खटल्यात निर्दोष सुटले. हेही लिहायलाच हवं. बळींचा आकडा आता ९७ आहे. शेवटचा मृत्यू २०२१चा, त्या दिवशीच्या इजेमुळेच झालेला.

*

जानेवारी १९८७. इराण-कॉन्ट्रा प्रकरण अंगाशी आल्यावर अध्यक्ष रेगन अमेरिकी काँग्रेसपुढे म्हणाले की गंभीर चुका झाल्या. कुणी केल्या, ते त्या वाक्यात नव्हतं. इंग्रजीत यासाठी कर्मणी प्रयोग मुद्दाम जुळवावा लागतो. आपल्याकडे 'राहून गेलं', 'फाईल पुढे गेली नाही' हे रोजचं बोलणं आहे. सरकारी टिपणीत असं वाक्य आलं की मी कर्त्याचं नाव विचारतो. फोनच्या पलीकडे बहुधा शांतता पसरते.

*

'इम्पीच', म्हणजे महाभियोग चालवणं, हा आरोपाच्या शब्दांतला सगळ्यात वजनदार शब्द. बंगालमधले महाराजा नंदकुमार यांनी मार्च १७७५मध्ये गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जवर लाच घेतल्याचा आरोप केला. मे महिन्यात जुन्या दस्तऐवजाच्या बनावटीवरून त्यांनाच अटक झाली. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात सर एलायजा इम्पी यांच्यापुढे खटला चालला. इंग्रजी कायद्यात तेव्हा बनावटीला देहदंड होता. ५ ऑगस्टला त्यांना फाशी दिली.

पुढे १७८८मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये हेस्टिंग्जवर महाभियोग उभा राहिला. कॉमन्सच्या वतीनं खटला मांडणारे एडमंड बर्क बोलता बोलता म्हणाले की हेस्टिंग्जनं इम्पीच्या हातून नंदकुमारांचा खून केला. हा आरोप महाभियोगाच्या कलमांत नव्हता. मे १७८९मध्ये कॉमन्स सभागृहानं ठराव केला की बर्कनी ते शब्द उच्चारायला नको होते. खटला चालवणाऱ्या सभागृहानंच आपल्या वक्त्यावर ठपका ठेवला.

२३ एप्रिल १७९५ला हेस्टिंग्ज निर्दोष सुटले. त्यांच्या खटल्याला सात वर्षं मिळाली. नंदकुमारांना आरोप केल्यापासून फाशीपर्यंत पाच महिनेही मिळाले नव्हते.