जोशुआच्या फांद्यांवर बर्फ

लॉस एंजेलिसहून पूर्वेला गाडीने दोन-तीन तास गेलं, की जोशुआ ट्री नॅशनल पार्क लागतं. मोहावी आणि कोलोरॅडो ही दोन वाळवंटं इथे एकमेकांना भिडतात. मोहावीची बाजू उंचावर, बरीचशी हजार मीटरच्याही वर. त्यामुळे एखाद्या हिवाळ्यात तिथे रात्रभर दणकून बर्फ पडतो.

सकाळी पाहावं तर ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांची उत्तरेकडची अंगं पांढरी, दक्षिणेकडची ओली, काळपट. इथल्या जोशुआ वृक्षांची पानं म्हणजे कट्यारीच. बर्फाच्या गोळ्यांतून त्यांची टोकं हिरवीगार बाहेर येतात. बिळातल्या कासवांना यातलं काहीच ठाऊक नसतं. त्यांची झोप वसंतापर्यंतची.

ऊन चढलं की ठिबकायला सुरुवात होते, आणि मला खरा जीव लावते ती हीच घटका. उन्हाळ्यातलं वादळी पाणी कोरड्या ओढ्यांतून धावत सुटतं. बर्फाचं पाणी मात्र मुळाशी बसून राहतं. मी दुष्काळी मुलखात वाढलो. पाणी किती पडलं यापेक्षा किती मुरलं, हे विचारायची सवय तिथलीच.

बर्फासारखी थंडीही या झाडाच्या कामी येते. अभ्यासक म्हणतात, कडाक्याच्या गारठ्याने फांदीचा शेंडा दुखावतो आणि मग तिथे फुलोरा येतो. फुललेली फांदी पुढे फुटते. म्हणजे या झाडाचे वेडेवाकडे फाटे बहुतेक जुन्या बहरांचेच. त्या फुलांत परागीभवन करणारा पतंगही एकच, युक्का पतंग. मादी पराग गोळा करून स्वतः फुलात भरते आणि तिथेच अंडी घालते. अळ्या थोड्या बिया खातात, बाकीच्या झाडाच्या. इतका नेमका हिशेब असलेल्या संसाराला वाढती उष्णता सोसणारी नाही. सखल, कोरड्या भागांत नवी रोपं जगेनाशी झाली आहेत. 2020च्या ऑगस्टमध्ये मोहावी नॅशनल प्रिझर्व्हमधल्या एका वणव्यात अंदाजे 13 लाख जोशुआ वृक्ष गेले. म्हणूनच बर्फाचा एकेक दिवस मला मोलाचा वाटतो.

बर्फाची बातमी ऐकून तुम्ही तिथे गेलात, तर मनसोक्त पाहा, फोटो काढा. पण पायवाट सोडू नका. जोशुआचं रोप पहिली काही वर्षं जेमतेम वीतभर असतं, आणि बर्फाखाली ते दिसत नाही.