अर्धा इंच

मेट्रिक मापांचा कायदा देशात १९५६ साली झाला. पण नळाच्या सामानाच्या दुकानात अजून इंचाचेच राज्य आहे. श्रीवर्धन तालुक्यातल्या बोर्ली पंचतनच्या बाजारात बेसिनसाठी कनेक्शन पाइप मागितला, की दुकानदार विचारतो, "अर्धा इंच ना? लांबी किती?" आणि गंमत अशी, की त्या अर्ध्या इंचाच्या आट्यांवर पट्टी ठेवली तर भरतात जवळजवळ एकवीस मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहून अधिक! जुन्या लोखंडी नळाच्या आतल्या पोकळीवरून पडलेले हे नाव. पोकळी बदलली, नाव राहिले. मराठी शिकविणाऱ्याला त्याचे नवल नाही. तेल हे मुळात तिळाचेच होते.

माझी आत्या बोर्लीला एकटी राहते. खाऱ्या हवेने तिच्या बेसिनखालची नळी गंजली. नळ गळू लागला, की गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करायला ती शेजारच्या मुलाला हाक मारी. मुलगा नोकरीला मुंबईला गेला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शिडी कशी चढायची? म्हणून नव्या नळीबरोबर बेसिनखाली अँगल कॉकही बसवला.

या कॉकला दोन तोंडे, आणि दोघांचे धर्म निराळे. भिंतीकडच्या आट्यांना पांढरी टेप गुंडाळायची (पूर्वी सुतळी आणि सफेदा असे), कारण तिथे पाणी आट्यांनीच अडवायचे असते. नळीकडे टेप नको. तिथे चाकीच्या पोटात रबराचा वायसर असतो. तो कॉकच्या सपाट काठावर दाबून बसला की काम झाले. चाकी हाताने फिरेल तितकी फिरवावी, मग पान्याने पाव फेरा. अधिक जोर केला तर वायसर चिरतो. नळीला पीळही पडू देऊ नये. शेवटी पाणी सोडून जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा धरला. थेंबाचा डाग त्यावर लपत नाही.

आत्या शेजारी बसून पाहत होती. "म्हणजे वाडीतल्या पाटासारखंच की रे!" ती म्हणाली. तिच्या लहानपणी रहाटाचे पाणी पाटाने पोफळींना जाई. एक आळे भरले, की त्याच्या तोंडाशी चिखलाचा गोळा लावायचा. पाणी पुढे चालूच.

कॉक वापराविना राहिला तर क्षार साचून अडतो, म्हणून तो अधूनमधून बंद-उघड करायला मी तिला सांगितले. तिने एकादशी धरली. परवा फोनवर प्रकृती विचारली, तर म्हणाली, "गुडघे धरलेत. पण तुझा कॉक हलका चालतो हो!"