ओढ्याकाठची विहीर

एकाच विहिरीचं पाणी दिवाळीच्या सुमारास तपासलं तर पिण्यायोग्य आणि मे महिन्यात तपासलं तर दूषित, असे दोन अहवाल हातात आले की गावात पहिला संशय येतो तो बाटलीवर. बाटली नीट धुतली नसेल, नमुना प्रयोगशाळेत पोचायला उशीर झाला असेल, वाटेत ऊन लागलं असेल. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावात आम्ही भूजलाच्या अभ्यासासाठी गेलो, तेव्हा ग्रामपंचायतीत हाच वाद चालू होता. जलसुरक्षक म्हणून काम करणारा तरुण सगळ्यांत जास्त वैतागला होता, कारण बोट त्याच्याकडेच रोखलेलं होतं.

"मॅडम, टीसीएल पावडर मी मोजून टाकतो. ओटी टेस्ट करून वहीत लिहितो. पावसाळ्यानंतर सगळं बरोबर असतं. मग उन्हाळ्यातच बाटली काळी का पडते?"

टीसीएल म्हणजे पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर, आणि ओटी टेस्ट म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते रंगावरून सांगणारी चाचणी. काळी पडणारी बाटली म्हणजे हायड्रोजन सल्फाइडची कुपी. विष्ठेबरोबर येणारे जिवाणू पाण्यात असले, तर एक-दोन दिवसांत कुपीतलं पाणी काळं होतं. भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ही चाचणी प्रसिद्ध केली. वीज नाही, प्रयोगशाळा नाही, अशा ठिकाणीही ती करता येते, म्हणून ती गावोगाव पोचली. पण घाण आहे एवढंच ती सांगते. घाण कुठून आली, कुठल्या वाटेने आली आणि याच महिन्यात का आली, हे तिला विचारून कळत नाही. त्या तरुणाचा प्रश्न नेमका तिथेच होता आणि तो अगदी रास्त होता.

असे प्रश्न गावापुरते राहत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले. एकूण संख्या दोनशेच्या आसपास गेली. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीकडे. शहराच्या इतक्या जवळ, इतक्या लोकांच्या नळाला विहिरीचं पाणी येतं, हे अनेक पुणेकरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आमच्या गावातली विहीर ओढ्याच्या पश्चिम काठावर, पात्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. जुनी, दगडी बांधकामाची, आत उतरायला पायऱ्या असलेली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की खडकाचे थर उघडे पडतात, आणि भूजलाच्या अभ्यासकाला याहून चांगला नकाशा मिळत नाही. वर मुरूम. त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. मग बारीक भोकाभोकांचा, पांढऱ्या खनिजांनी भरलेला मांजऱ्या खडक. आणि तळाशी, वीतभर जाडीचा लाल गेरूचा पट्टा.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग अशाच बेसॉल्टने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि त्यांचे हे थर झाले. या खडकात पाणी राहतं ते भेगांमध्ये, सांध्यांमध्ये आणि झिजलेल्या थरात. गेरूतून ते सहज खाली उतरत नाही, त्यामुळे गेरूच्या माथ्यावरून आडवं सरकतं आणि जिथे विहीर किंवा ओढ्याचा काठ त्याला छेद देतो तिथे बाहेर पडतं. अशा खडकात साठाही तुटपुंजाच असतो. झिजलेला बेसॉल्ट त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्केच पाणी देतो. एक हेक्टर जमिनीखालची पातळी एक मीटरने उतरली, तर २ टक्क्यांच्या हिशेबाने हाती येतं दोन लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. उसाला आणि उन्हाळी कांद्याला पंप लागले की हे वीस टँकर संपायला वेळ लागत नाही. पातळी झरझर उतरते, आणि पाण्याची दिशा बदलायला तेवढं पुरतं.

दिशा शोधायची रीत सोपी आहे, कष्ट मात्र भरपूर. टेप विहिरीत सोडायची. तिचं टोक पाण्याला टेकलं की शिट्टी वाजते आणि पाणी किती खोल आहे ते कळतं. पण खोली पुरेशी नाही. एका विहिरीचा कठडा उंचावर, दुसरीचा सखल. म्हणून ऑटो लेव्हल लावून, पट्टी धरून, शाळेच्या पायरीपासून सुरुवात करत प्रत्येक कठड्याची उंची काढायची आणि तिच्यातून खोली वजा करायची. मग कुठल्या विहिरीतलं पाणी उंच आणि कुठल्या विहिरीतलं नीच, ते कागदावर उतरतं. पाणी उंचाकडून नीचाकडे जातं. फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा पाणीपुरवठा उभारणाऱ्या हेन्री दार्सीने वाळूच्या नळकांड्यांवर प्रयोग करून १८५६ मध्ये या प्रवाहाचा नियम मांडला. आजही जगभरच्या भूजलशास्त्राचा पाया तोच आहे. फरक इतकाच की दार्सीची वाळू एकसारखी होती. आमच्याकडे भेग जिथे नेईल तिथे पाणी जातं, त्यामुळे दोन विहिरींवर भागत नाही, शिवारातल्या मिळतील तेवढ्या विहिरी मोजाव्या लागतात.

शेतकऱ्यांनी विहिरी मोजू दिल्या, बोअरची खोली मात्र सांगताना सगळे सावध. ते स्वाभाविकच आहे. पाण्याची माहिती ही शिवारात मालमत्तेची माहिती असते.

ऑक्टोबरातल्या मोजणीत चित्र स्वच्छ होतं. पश्चिमेच्या माळाकडून पाणी विहिरीकडे आणि विहिरीकडून ओढ्याकडे सरकत होतं. ओढा त्या महिन्यांत पावसावर नाही, भूजलावर वाहतो. हिवाळ्यातल्या सकाळी हे हाताला कळतं. आमच्याकडे जमिनीखालचं पाणी बाराही महिने साधारण पंचवीस-सव्वीस अंशांवर असतं; ओढ्याचं पाणी रात्री गारठतं. तापमापक हातात धरून पात्रातून चालत गेलं की काठालगत काही ठिकाणी पारा एकदम चढतो. तिथे पाझर असतो. पश्चिम काठाला असे पाझर ओळीने सापडले. या दिवसांत ओढ्यात कितीही घाण असली तरी ती विहिरीत जाऊ शकत नव्हती, कारण पाण्याचा ओघच उलट्या बाजूला होता. दिवाळीचा अहवाल खरा होता.

एप्रिलच्या मोजणीत विहिरीतली पातळी ओढ्याच्या तळाच्याही खाली गेलेली आढळली.

आता यावर कोणीही विचारेल की एप्रिलमध्ये ओढा कोरडा असतो, मग तिथून विहिरीत येणार काय? ओढा खरंच कोरडा होता, एक जागा सोडून. गावातल्या सिमेंटच्या गटारी ओढ्यात सोडलेल्या आहेत. घरोघरी नळ आल्यापासून सांडपाणी वाढलं आहे आणि ते उन्हाळ्यातही थांबत नाही. विहिरीच्या थोडं खाली एक सिमेंट बंधारा आहे. पाणी अडावं आणि जिरावं म्हणून तो बांधला, आणि ते काम तो चोख करतो. पावसाळ्यानंतर तो ओढ्याचं पाणी जिरवतो. उन्हाळ्यात त्याच्यामागे गटाराचं काळं पाणी तुंबतं आणि तो तेही जिरवतो. हे डबकं पार विहिरीच्या समोरपर्यंत पसरलेलं होतं. पुनर्भरणाच्या कामांचं मोजमाप आपण अडलेल्या पाण्यात करतो. अडलेलं पाणी कसलं आहे, हे त्या हिशेबात धरलं गेलं पाहिजे, असं मला तिथे उभं राहून फार तीव्रतेने वाटलं.

डबक्यापासून विहिरीपर्यंत पाणी खरोखर जातं का, हे दाखवायला पुरावा हवा होता. युरोपात १८७७ साली डॅन्यूब नदीचं जमिनीत गडप होणारं पाणी कुठे निघतं ते शोधायला नदीत दहा किलो फ्लुरेसिन टाकलं होतं. सुमारे साठ तासांनी दूरवरचा आखचा झरा हिरवा झाला, आणि डॅन्यूबचं पाणी ऱ्हाइनला मिळतं हे सिद्ध झालं. तिथला खडक चुनखडीचा, मोठ्या पोकळ्यांचा. पिण्याच्या विहिरीजवळ रंग सोडायला आमचं गाव राजी झालं नसतं, आणि होऊही नये. पण सांडपाणी स्वतःच्या खुणा घेऊन येतं. त्यात मीठ असतं, म्हणजे क्लोराइड वाढतं; क्षार वाढल्यामुळे पाण्याची विद्युतवाहकता वाढते. ती मोजायचं यंत्र खिशात मावतं.

या कामात खरी मदत झाली ती एका आबांची. १९७२ च्या दुष्काळात ही विहीर आणखी खोल नेली, तेव्हा ते तरणेबांड होते आणि खोदणाऱ्यांत होते. कठड्याला टेकून त्यांनी सांगितलं, "हिरीला दोन झरे हायती ताई. मावळतीचा थोरला, त्येचं पानी गोड. उगवतीच्या अंगाचा बारका. त्यो पावसाळ्यात दिसतबी न्हाई. उन्हाळ्यात सुरू हुतो, अन् त्येचं पानी मचूळ लागतंय."

उगवतीला ओढा. पावसाळ्यात न दिसणारा झरा म्हणजे पावसाळ्यात ज्या भेगेतून पाणी बाहेर, ओढ्याकडे जातं, ती भेग. उन्हाळ्यात तीच आत वाहू लागते. पायऱ्यांवरून खाली उतरून आम्ही दोन्ही झऱ्यांच्या तोंडाशी वेगवेगळ्या बाटल्या भरल्या. पूर्वेच्या झऱ्याची विद्युतवाहकता आणि क्लोराइड पश्चिमेच्या झऱ्यापेक्षा ठळकपणे जास्त होतं आणि डबक्यातल्या पाण्याच्या जवळ जाणारं होतं. अमोनियाही त्याच झऱ्यात सापडला. कुपी पूर्वेची काळी पडली, पश्चिमेची नाही.

जलसुरक्षकाच्या प्रश्नाचं उत्तरही याच अमोनियात होतं. तो पावडर तेवढीच टाकत होता, पण उन्हाळ्यात पाण्यातला अमोनिया आणि सेंद्रिय घाण आधी क्लोरीन खाऊन टाकते, जंतूंसाठी उरत नाही. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असं भारतीय मानक सांगतं. सकाळी विहिरीवर ओटी टेस्टला पिवळा रंग आला तरी गावाच्या टोकाच्या वस्तीत तो येत नव्हता. हे त्याला समजावून सांगितल्यावर त्याने त्याच संध्याकाळी वस्तीवरच्या नळांना जाऊन टेस्ट करायला सुरुवात केली. माणूस कामाचा चोख होता. त्याला कुणी पाण्याची वाट दाखवली नव्हती एवढंच.

शौचालयाचा खड्डा विहिरीपासून १० ते १५ मीटर लांब असावा, असं साधारणपणे सांगितलं जातं. मातीच्या, वाळूच्या जमिनीत या अंतराला अर्थ आहे. तिथे पाणी कणांमधून गाळत जातं आणि वाटेत जंतू मरतात. भेगाळलेल्या काळ्या पाषाणात गाळणं जवळपास नसतंच. पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, हा राज्याच्या १९९३ च्या भूजल कायद्यातला नियमही पाणी आटू नये यासाठी होता. घाण वर्तुळात पसरत नाही. ती उताराने आणि भेगेने येते, म्हणून प्रत्येक गावाच्या विहिरीचं संरक्षणाचं क्षेत्र त्या विहिरीच्या प्रवाहावरून ठरवायला हवं.

ग्रामसभेत आम्ही दोन मोठे कागद भिंतीला लावले, एक ऑक्टोबरचा आणि एक एप्रिलचा, दोन्हींवर निळ्या बाणांनी पाण्याची दिशा. भाषण फार करावं लागलं नाही. मागे बसलेल्या बायकांपैकी एकीने उभं राहून विचारलं, "म्हंजे आमी भांडी घासलेलं पानी आमीच पितोय?" सभेत बराच वेळ गोंधळ झाला. गटाराची पाइपलाइन विहिरीच्या आणि बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला न्यायचं ठरलं. तिथे शोषखड्डा करावा असा काहींचा आग्रह होता. मी त्याला स्पष्ट विरोध केला, कारण उघड्या खडकात शोषखड्डा म्हणजे सांडपाणी थेट भेगेत सोडणं. अखेर खालच्या बाजूला, जिथे काळ्या मातीचा जाड थर आहे, तिथे स्थिरीकरण तळं करायचं पक्कं झालं. निधी, जागा, बांधावरून पाइप न्यायची परवानगी यांत पावसाळा गेला, पण काम झालं.

पुढच्या उन्हाळ्यात पूर्वेच्या झऱ्यातला अमोनिया गेला होता. कुप्या बहुतेक वेळा स्वच्छ राहिल्या. पहिल्या जोरदार पावसानंतर मात्र पुन्हा काळ्या पडल्या, कारण शिवारातली सगळी वाहून आलेली घाण त्या दिवसांत ओढ्यात असते. त्या दिवसांत पाणी उकळून प्यावं, अशी दवंडी आता गावात दिली जाते.

अमोनिया गेला, पण विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट मात्र उतरलं नाही. मानकाची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम, आणि विहिरीचं पाणी तिच्या वरच होतं. नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटलं की ते दाट होतं. जास्त नायट्रेटचं पाणी घालून केलेल्या दुधामुळे तान्ही मुलं निळी पडतात, हे अमेरिकेतल्या आयोवामध्ये हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये दाखवून दिलं होतं. म्हणून अंगणवाडीत आणि नव्या बाळंतिणींच्या घरी या विहिरीचं पाणी बाळासाठी वापरू नका, हे आशाताईंनी दारोदार जाऊन सांगितलं.

आणि या खेपेला नायट्रेट पूर्वेपेक्षा पश्चिमेच्या झऱ्यात जास्त सापडलं, ज्या झऱ्याचं पाणी गोड म्हणून गावाची साक्ष होती. नायट्रेटला चव नसते. त्या बाजूला गटार नाही. माळाच्या पायथ्याला ऊस आहे, युरियाच्या गोणी आहेत, आणि वरच्या वस्तीवर गोठे व उकिरडे आहेत. यांतलं नेमकं कुठलं, हे नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून बऱ्याच अंशी वेगळं काढता येतं. खताचा नायट्रोजन आणि शेणामुताचा नायट्रोजन यांची ठेवण वेगळी असते. ते नमुने आम्ही आता भरतो आहोत. ऊसवाल्या शेतकऱ्यांपैकी दोघांनी आपापल्या विहिरी महिन्याला मोजायला दिल्या आहेत, युरिया हप्त्याहप्त्याने देऊन पाहायची तयारीही दाखवली आहे. टेप सोडायचं काम जलसुरक्षक करतो, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहितो.