कॅम्प दोन, साईड ए

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये वस्तू मरत नाही, दुसऱ्या दुकानात जाते. युद्धकाळातल्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ ला छावण्यांचं उल्हासनगर झालं, आणि सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी हाती लागेल त्याचा धंदा मांडला. मालावर ‘यूएसए’ छापायचं. कुणी विचारलंच तर उल्हासनगर सिंधी असोसिएशन! गजानन मार्केटमध्ये, जपानी बाजारात हिंडताना या विनोदाचं हसू येतं आणि जरा अभिमानही वाटतो.

पॅट्रिक फिट्झजेराल्ड मला इथेच आठवावा, याचं नवल नाही. पूर्व लंडनचा हा पोरगा १९७७ साली, पंकवाले अँप्लिफायर फोडत होते तेव्हा, साधी अकूस्टिक गिटार घेऊन एकटाच उभा राहिला. बँड नाही, ड्रम नाही. अंगावर येणारे शब्द मात्र पंकचेच. त्याची पहिली छोटी तबकडी काढली ती ‘स्मॉल वंडर’ने, म्हणजे वॉल्थमस्टोच्या एका रेकॉर्डच्या दुकानाने. दुकानदार गाणी विकता विकता छापायलाही लागला. कॅम्प दोनच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला हा हिशोब समजावून सांगावा लागणार नाही.

त्या काळच्या तबकड्या तिकडे आता नव्याने निघतात, जाड विनाइलवर, देखण्या वेष्टनात. स्वस्त असणं हाच जिचा बाणा होता, ती वस्तू महागात विकली जाते. मला हे थोडं खटकतं. पण मत्सर जास्त वाटतो.

कारण एकट्याने उभं राहून गाणारे आपल्याकडे काय कमी होते? विलास घोगरेंचंच घ्या. कवी, शाहीर, झोपडपट्टीतलं जगणं स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या गळ्यातून मांडणारा माणूस. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले, आणि चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडच्या वस्तीत घोगरेंनी स्वतःला संपवलं. आज त्यांचा आवाज ऐकायचा तर आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटाकडे जावं लागतं, नाहीतर चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून २०११ साली पुरा झालेल्या ‘जय भीम कॉम्रेड’कडे. कॅमेरा तिथे होता म्हणून गळा उरला. पुन्हा छापायचं म्हटलं तर आधी एकदा छापलेलं असावं लागतं!

भीमगीतांचा, शाहिरीचा मोठा संसार कॅसेटवर झाला. सहा डिसेंबरला चैत्यभूमीबाहेर, जयंतीला चौकाचौकांतल्या मंडपांत त्या विकल्या जात. कॅसेटची नक्कल दोन टेपरेकॉर्डर असलेला कुणीही करी, म्हणून तर गाणं कल्याणपासून बदलापूरपर्यंत पोचलं. ते पोचवणाऱ्या चोरट्या प्रतींना मी नावं ठेवणार नाही. पण कॅसेटची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद. तिच्यावर चुंबकी भुकटीचा थर. उल्हास नदीकाठच्या आपल्या पावसाळ्यात तिला बुरशी धरते, गुंडाळी चिकटते, एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. तबकडीत आवाज निदान खाचेत कोरलेला असतो. ओरखडे पडले तरी सुई काहीतरी बोलते.

म्हणून विनाइलचं कौतुक नंतर करू. घरात माळ्यावर शाहिराच्या, भीमगीतांच्या, कव्वालीच्या कॅसेटी असतील तर त्या भंगारात घालू नका. बुरशी दिसली तर तशीच टेपमध्ये घालून वाजवूही नका. जाणकाराकडून साफ करून घ्या, मग डिजिटल प्रत करा, आणि कोण गातंय, कुठल्या वर्षी, कुठल्या मंडपात, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून वेष्टनावर लिहून ठेवा. या पावसाळ्याच्या आत करा.